अर्ध्या पुस्तकावर धावलेला बाइंडर

लोकांच्या घरात डोकावायची मला मुळीच सवय नाही. पण आमच्या आणि बाइंडरच्या स्वयंपाकघरांमधली भिंत इतकी पातळ आहे की त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की मी आमचा गॅस बंद करते. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते ऐकीव नाही, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

बाइंडर म्हणजे सुटी पानं शिवून, पुठ्ठा चढवून पुस्तकं बांधणारे. मी त्यांना भावोजी म्हणते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं एका खोलीचं दुकान. आत पुस्तकं दाबायचा शिकंजा, कागद कापायचं यंत्र, खळीचं पातेलं आणि उरलेल्या जागेत भावोजी. वाकून वाकून माणसाचं प्रश्नचिन्ह झालंय. त्यांची पाठ सरळ होते ती फक्त पहाटे, धावताना. म्हणून धावण्याचं वेड. मात्र या वेडात पाय सामील नव्हते. गेल्या वर्षी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत भावोजी निम्म्यावर बसले, ते थेट दमलेल्यांना गोळा करणाऱ्या गाडीतून, मांडीवर केळ्यांचा घड घेऊन, घरी आले. गल्लीत गाडी वळेना, म्हणून चालकाने हॉर्न वाजवून वाजवून सगळ्यांना बाल्कनीत आणलं. मी आधीच तिथे होते.

यंदा त्यांच्या बायकोने बजावलं, "अहो, पहाटे धावता आणि दुपारी त्या यंत्रावर डोकं ठेवून झोपता. एखाद्या दिवशी नाक छाटून घ्याल. यंदा शर्यत पुरी केलीत तर धावण्याबद्दल मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. नाही केलीत तर बूट माझ्या भावाला आणि पहाटे दुकान."

"त्याला मोठे होतील गं."

"तो दोन जोड मोजे घालेल."

याच सुमाराला पलीकडच्या रस्त्यावरच्या निवृत्त प्रोफेसरांनी एक ग्रंथ बांधायला टाकला. कुठल्याशा जुन्या तत्त्ववेत्त्याचा, उशाला घेतला तर मान मोडेल एवढा जाड. "याचे दोन भाग करा," प्रोफेसर म्हणाले, "धरून धरून मनगट जातं."

आता भावोजींची सवय अशी की शिवता शिवता वाचायचं. सोळा पानांचा फर्मा शिवून झाला की सोळा पानं डोक्यात. कायदा, बागकाम, गुरांचे रोग, सगळं त्यांनी असंच वाचलंय, आणि सल्ला सगळ्यातला देतात. ग्रंथाचा पहिला भाग शिवून झाला आणि गृहस्थांचा चेहराच पालटला.

"वहिनी, मुक्काम नावाची वस्तूच नाही," त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं.

"का, कुठे गेली?"

"मुळात नसतेच. माणूस जिथे असतो तिथे तो पोहोचलेलाच असतो. मुक्काम डोळ्यांपुढे ठेवून धावलं की दम लागतो. गेल्या वर्षी मी बसलो तो त्याच्यामुळे."

"मला वाटलं, पोटऱ्यांमुळे."

"आणि दुसऱ्या भागात काय आहे?" हेही मी विचारलं. तो त्यांनी न वाचताच शिवला होता. म्हणे, पोट भरल्यावर कोण पुन्हा ताट वाढून घेतं?

आमच्या भाषेत याला अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात. पण खोटं कशाला बोलू, आधी आधी रंग छान चढला. पूर्वी भावोजी दात-ओठ खात, पुढच्याच्या पाठीवर डोळे रोखून, सोड्याच्या बाटलीसारखे फसफसत धावायचे. आता खांदे सैल, ओठांवर हसू, श्वास संथ. तलावाला वळसा घालून यायचे आणि वर जिना चढताना शीळ घालायचे. मग ज्ञान जरा जास्तच पिकलं. तलावाऐवजी बागेपर्यंत पोहोचू लागले, मग बागेच्या अलीकडच्या बाकापर्यंत. एकदा मी दूध आणायला निघाले, तर हे कोपऱ्यावरच्या टपालपेटीला टेकून समाधान पावलेले.

भिंतीपलीकडून रोजचा संवाद ऐकू येई.

"इतक्यात आलात?"

"पोहोचलो."

"कुठे?"

"जिथे होतो तिथे."

"मग घरातून निघालात कशाला? दुकानातही तसेच पोहोचा. खळ वाळून तिचा दगड झालाय."

शर्यतीच्या सकाळी मी स्कूटर घेऊन प्रोफेसरांच्या घराखाली उभी राहिले. शर्यतीचा रस्ता तिथूनच जातो, आणि पुढे तीन किलोमीटरवर शेवटची रेघ. तिथे बायको उभी होती. शेजारी तिचा भाऊ, खरोखरच दोन जोड मोजे घालून.

आणि टपालपेटीपर्यंतच्या सरावावरही भावोजी आले! ताजेतवाने, ताठ, हातात थोडाफार वेळ राखून. मी टाळ्या वाजवणार, एवढ्यात ते वळले, सावलीत फुटपाथवर बसले आणि बुटाची नाडी सैल करू लागले.

"अहो भावोजी, तीनच किलोमीटर राहिलेत!"

"पोहोचलो, वहिनी."

"रेघ तिकडे आहे!"

"रेघ ही एक कल्पना आहे."

"तुमची बायको कल्पना नाहीये!"

त्यांनी डोळे मिटले. पण पोटऱ्या उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारख्या थडथडत होत्या. गडी दमला होता, आणि ग्रंथ पांघरूण म्हणून वापरत होता.

"काय म्हणतायत ते?" वरून प्रोफेसरांनी विचारलं.

"मुक्काम नसतोच म्हणतायत. तुमच्या पुस्तकात आहे म्हणे."

प्रोफेसर कठड्यावरून इतके वाकले की मी हात पसरले. "अहो, तो पूर्वपक्ष! ते ग्रंथकाराचं मतच नाही! आधी विरोधकाचं म्हणणं सविस्तर मांडायचं आणि मग ते खोडायचं, अशी पद्धत असते. तुम्ही ज्याचं ऐकून बसलात त्याला दुसऱ्या भागात धुऊन वाळत घातलंय!"

भावोजींनी एक डोळा उघडला. "कशावरून?"

प्रोफेसर दुसरा भाग काखोटीला मारून, पायजम्यातच खाली उतरले. चष्मा सावरून त्यांनी वाचलं, "'मित्रा, जिथे आहेस तिथेच तू पोहोचलेला असशील, तर घरातून निघालास कशाला?'"

भावोजींनी दुसराही डोळा उघडला.

"हे तुमच्या बायकोनेही विचारलं होतं," मी म्हटलं, "आणि इतकी पानं न घालवता."

भावोजी ताडकन उठले. नाक लाल. "याला उत्तर आहे माझ्याकडे!"

"पळता पळता द्या!"

आणि ते निघाले की! "अहो, हा पहिलाच मुद्दा होता!" प्रोफेसर ओरडले. मी स्कूटरला किक मारली. "बसा सर मागे."

रस्त्याच्या कडेने आमची वरात निघाली. भावोजी धावतायत, बाजूला मी, माझ्या मागे प्रोफेसर मोठ्याने वाचतायत. शिट्टीवाला स्वयंसेवक आडवा आला. "बाहेरून मदत चालत नाही!"

"मदत कसली?" प्रोफेसर कडाडले. "विरोध करतोय!"

त्याने नियमांचा कागद उलटून पालटून पाहिला. त्यात तत्त्वज्ञानाला मनाई नव्हती.

"मी निघालो... पाठ सरळ व्हावी म्हणून!" भावोजी धापा टाकत म्हणाले.

"म्हणजे हेतू होता! हेतू आला की मुक्काम आला!"

"पाठ म्हणजे... काही गाव नाही!"

"मग मघाशी बसलात कशाला? बसल्या बसल्या पुन्हा वाकलात की!"

 भावोजींनी खांदे मागे घेतले, हनुवटी वर केली, आणि उरलेला रस्ता एकदाही माझ्याकडे न बघता कापला. स्वयंसेवक टेबल आवरायला लागले होते, तेवढ्यात त्यांनी रेघ ओलांडली. गळ्यात पदक पडलं. मेहुणा मुकाट्याने एका खांबाला टेकून मोजे काढू लागला.

बायकोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द दिला होता ना! भावोजी मात्र पदकाकडे न बघता प्रोफेसरांसमोर ठाण मांडून उभे. "तो चौथा मुद्दा पुन्हा वाचा, सर. तिथे ग्रंथकार घसरलाय."

"घसरलाय? अहो, तोच तर गाभा आहे!"

ऊन चढत चाललं. शेवटी बायकोने माझा दंड धरला आणि माझ्या कानात म्हणाली, "ताई, मी तर बोलू शकत नाही. तुम्हीच सांगा त्यांना, घरी चला म्हणावं."

मी सांगितलं.

"एवढा मुद्दा होऊ द्या, वहिनी," भावोजी म्हणाले. प्रोफेसरांनी पान उलटलं.