चांद दिसण्याआधीचं लबन

कुवेतला आल्यावर पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल, तर गायींचा. ईद असो, सुट्ट्या लागून निम्मं गाव परदेशी गेलेलं असो, बया रोज तेवढंच दूध देत राहायच्या. आणि ते दूध खपवायचं डोकं माझं.

मी एका डेअरीत प्लॅनिंगला होतो. फार्मवरून आलेल्या दुधातलं किती बाटल्यांत भरायचं, किती दह्याला द्यायचं आणि किती लबनाला, हे रोज दुपारी मी ठरवायचो. लबन म्हणजे आपलं ताकच, जरा दाट. साध्या दुधात डेअरीला फार काही सुटत नाही. सरकारला विचारल्याशिवाय त्याचा भाव वाढवता येत नाही, आणि गायींची वैरण जहाजाने येते. चार पैसे सुटतात ते लबनात. पण न खपलेलं लबन दुकानदार सरळ परत करतो आणि ते ओतून द्यावं लागतं. कोल्हापूरकडच्या दूध संघात मी आठ वर्षं काढली होती. तिथे जास्तीच्या दुधाची पावडर करायचो आणि निवांत झोपायचो. इथे आमच्याकडे तसली सोय नव्हती.

लागोपाठ दोन महिने माझा अंदाज चुकला आणि परतीचा माल वाढला. आमचा इजिप्शियन मॅनेजर फारसा ओरडायचा नाही, हेच वाईट होतं. त्याने मला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "रमजानमध्ये असं झालं, तर मी तुझ्या पुढच्या कंत्राटावर सही करणार नाही."

त्या सहीवरच बायको-मुलीचा व्हिसा अडकलेला. मी इकडे आल्यापासून त्या दोघी कोल्हापुरात भाड्याच्या एका खोलीत दिवस काढत होत्या. इथल्या महबूला भागात दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवला होता, मालकाला अनामत आज देतो, उद्या देतो म्हणत झुलवत होतो. पोरगी फोनवर विचारायची, "बाबा, तिकडे सायकल चालवता येते?" मी म्हणायचो, येते की. माझं मला माहीत नव्हतं, मी इथे राहणार की नाही ते.

रमजानात लबनाला तोड नाही. खजूर आणि लबन, रोजा सुटतो तो त्यावर. पहिल्या दिवशी दुकानात लबन नसलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या डेअरीचं उचलतं आणि महिनाभर तेच नेतं. अडचण अशी, की रोजे उद्यापासून की परवापासून हे संध्याकाळी चांद दिसल्यावर ठरणार, आणि लबनाचं दूध दुपारीच विरजावं लागतं. एक दिवस आधी माल गेला तर शिळा दिसतो. इथल्या बायका फ्रीजमध्ये कोपरापर्यंत हात घालून मागची ताज्या तारखेची बाटली काढतात.

मग मी काय करावं? स्वयंपाकघरातलं बायकोने पाठवलेलं मराठी कॅलेंडर काढलं. त्यात पहिला रोजा गुरुवारी. आपल्याकडे सगळं इथल्यापेक्षा एक दिवस मागून असतं, हे मी कुणाकुणाकडून ऐकलेलं. म्हणजे इथे बुधवार. झालं! मंगळवारी दुपारी निम्मं दूध लबनाला सोडलं.

गाड्या सोडायचं काम बघणारे चाचा रत्नागिरीकडचे, इथे वीस वर्षं झालेली. माझा हिशोब ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, चांद काय तुझा कॅलेंडर बघून निघतो?"

"चाचा, दरवर्षी तसंच होतं म्हणे."

"म्हणे! मोसमाचा ढग आला, धूळ उडाली, नाय दिसला तर?"

नाहीच दिसला. संध्याकाळी टीव्हीवर जाहीर झालं, पहिला रोजा गुरुवारी.  टाक्या भरलेल्या, विरजण लागलेलं, मागे फिरवायचं तर काय फिरवायचं? स्वतःलाच चार शिव्या हासडल्या. इथे वीस वर्षं रोजे धरणारा माणूस शेजारी बसलेला, आणि मी अक्कल विचारली कुणाला, तर भिंतीवरच्या कॅलेंडरला!

बुधवारी सकाळी माल गेला. आता पुढचं संकट. आज ताजं लबन करावं, तर कालचं पडून राहणार. न करावं आणि कालचं खपलं, तर ऐन रोजाच्या दिवशी दुकानं रिकामी. मॅनेजरला जाऊन कॅलेंडरचं सगळं खरं खरं सांगून टाकलं. पहिल्या गाड्या परत येईपर्यंत थांब, एवढंच तो म्हणाला.

दुपारी बाराला चाचांचा फोन. "अरे, सबाह अल-सालेम एरियातली गाडी आली."

"किती परत?"

"परत कसला? रिकामी आलीय! दुकानदार आणखी मागतायत."

एकेक करून सगळ्या गाड्या तशाच आल्या. उद्या रोजा म्हणून बायका आजच सगळं भरायला बाहेर पडल्या होत्या. पीठ, खजूर, मांस आणि सोबत लबन. तारीख बघायला कुणाला वेळ होता! चाचा म्हणाले, "चुकून बरोबर आलास रे. आता दूध सोड लवकर." सोडलं. 

मॅनेजरने संध्याकाळी बोलावलं. हसू दाबत म्हणाला, "पुढच्या वर्षी कॅलेंडर नको. चाचांना विचार." आणि सही केली. मी त्याचे आभार तरी मानले की नाही, आठवत नाही. जिन्यातच बसून बायकोला फोन लावला.

"झाली सही. सामान बांधायला घे."

 ती म्हणाली, "खोली सोडली अहो मी. परवाच. पोरीचा शाळेतला दाखलाही काढलाय. आईकडे आलोय आम्ही."

मी चाटच पडलो. "अगं, आणि सही झाली नसती तर?"

"तर तुम्ही परत आला असता. मग तरी त्या एका खोलीत आपण तिघं कुठे मावणार होतो?"