भिंतीपलीकडचं गिऱ्हाईक

९ फेब्रुवारी १९४६. लोणच्याच्या बरण्या गवतात गुंडाळून टोपल्यांत बसवायचं काम चाललं होतं. माझे यजमान रेल्वेत कारकून. त्यांची बदली पूर्णा जंक्शनला झाली होती आणि ते पुढं जाऊन बसले होते. हिंगोलीचं घर विकून, सामान बांधून मी मागून यायचं, असं आमच्या दोघांत ठरलं होतं. म्हणजे ते त्यांनी ठरवलं होतं. पण घर माझ्या नावावर होतं, माझ्या वडिलांनी मला घेऊन दिलेलं, त्यामुळं विकायचं कसं ते मी ठरवणार होते.

मी ते फारच झटपट ठरवलं होतं. बाजारातल्या एका दलालाला बोलावलं आणि कागद करून दिला. हा मनुष्य मूळचा बैलांचा दलाल. हिंगोलीत घरं वर्षाकाठी दोन-चारच विकली जायची, तेवढ्यासाठी वेगळा दलाल कोण ठेवणार? घर बघायला आला तेव्हा त्यानं भिंतीवर दोन ठिकाणी थाप मारली, तुळईकडं मान तिरकी करून पाहिलं, आणि त्यानं दारालाच जबडा उघडायला सांगितलं नाही याचं मला नवल वाटलं. कागदात लिहिलं होतं की चार महिने मी दुसरं गिऱ्हाईक आणायचं नाही, दुसऱ्या कुणाशी बोली करायची नाही, केली तर दलाली दुप्पट. मी वाचलं आणि सही केली. चार महिने थांबायची माझी तयारीच नव्हती, मग त्या अटीचा मला काय त्रास?

बरण्या बांधता बांधता मधल्या भिंतीतलं छोटं दार वाजलं आणि शेजारची खाला आत आली. खाला म्हणजे मावशी, सगळी गल्ली तिला तेच म्हणायची. शेजारी रंगाऱ्याचं घर. लुगडी, फेटे, लग्नातले रुमाल, सगळं त्यांच्याकडं रंगायचं. कर्ता पुरुष वारला तेव्हापासून खाला दोन मुलांना घेऊन धंदा चालवत होती. लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर कळमनुरीला गेली होती, ती आदल्या संध्याकाळी परतली होती.

"घर बेचलं म्हणं?" तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

"बेचलं न्हाई अजून. दलालाला लिहून दिलंय. वाशीमचा एक शेटजी येऊन राहिलाय, बुधवारी."

"काय करील तो घराचं?"

"सरकीचं गोदाम."

"आन इहीर?"

इथं माझा हात थांबला. विहीर आमच्या अंगणात होती, पण भिंतीला अगदी चिकटून. भिंतीत एक झरोका ठेवलेला होता. आमच्या बाजूला आमचा रहाट, झरोक्यातून त्यांचा. गल्लीतलं बाकी पाणी खारं. खाऱ्या पाण्यात रंग धरत नाही, धरला तर पहिल्या धुण्यात सुटतो. ही विहीर म्हणजे खालाचं दुकान होतं. आणि दलालानं मला सांगितलं होतं की शेटजी विहीर बुजवणार, कारण सरकीला ओल चालत नाही.

मी तिला तेच सांगितलं. गोड करून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

खाला टोपलीवर बसली. टोपलीत बरणी होती, ते तिच्या ध्यानात आलं नाही. "पंधरा वरसं भिंतीला भिंत लावून राहिलो. मला विचारावं वाटलं न्हाई तुला?"

"तुमी घ्याल असं वाटलं न्हाई."

"काहून? रंगाऱ्याच्या घरी काय फक्त रंगच असतो? दोन्ही पोरं लग्नाची झाली. एका खोलीत दोन सुना कशा कोंबू? या घरासाठी पाटल्या ठेवल्यात मी. तुझं माणूस कधी बदलून जातंय त्याची वाट बघून राहिले होते. आन ते गेलं तवा मी कळमनुरीला!"

चूक माझी होती. पण रडत बसून कागद फाटत नाही. मी विचारलं, "तुमचा भाऊ कचेरीपुढं अर्ज लिहितो ना? त्याला बोलवा."

खालाचा भाऊ दुपारी आला. कचेरीच्या झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचा, त्यामुळं कायदा त्याला वकिलांपेक्षा स्वस्तात येत होता. त्यानं माझा कागद दोनदा वाचला.

"बाई, तुम्ही हिला विकू शकत नाही. पण शेटजीला विका."

"आन मग?" खाला ओरडली.

"मग तू माग. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याचा पहिला हक्क असतो. शुफा म्हणतात. परक्यानं जेवढ्याला घेतलं तेवढ्याला शेजारी मागू शकतो. पण एक अट आहे. सौदा झाल्याचं कानावर पडलं की त्याच क्षणी उठायचं आणि साक्षीदारांपुढं मागायचं. विचार करते म्हणाली, हक्क गेला. पाणी पिऊन येते म्हणाली, गेला. जेवत असशील तर घास तसाच ठेवून उठायचं."

"माझे गुडघे तुला ठाऊक हायेत," खाला म्हणाली.

"कायद्यात गुडघ्यांचं काही लिहिलेलं नाही."

पुढचे चार दिवस भिंतीपलीकडं तालीम चालली. भाऊ म्हणायचा, "सौदा झाला!" की खाला एका हातानं पिंप धरून उठायची आणि म्हणायची, "मी मागते." पहिल्या दिवशी ती उठेपर्यंत माझी भाकरी भाजून व्हायची. तिसऱ्या दिवशी तव्यावर टाकायच्या आत उठायला लागली. मी मात्र तिला एक शब्दही बोलले नाही. कागदानं मला बोली करायला मनाई केली होती, ऐकायला नाही.

एक अडचण उरली होती. दलाल सौदा बोलून करतच नसे. बैलबाजारात दोघांचे हात उपरण्याखाली जातात, बोटं दाबून आकडा ठरतो, शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही. आकडाच कानावर पडला नाही तर खाला काय मागणार? यावर मी दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी विचार सोडून दिला, कारण उत्तर दलालाच्याच पद्धतीत होतं.

बुधवारी दुपारी दलाल शेटजीला घेऊन आला. मी ओसरीवर सतरंजी टाकली, चहा दिला. पलीकडं कपडा आपटल्याचा आवाज येत होता. खालाचा भाऊ आणि समोरचा शिंपी सकाळपासून तिथंच बसले होते, त्यांनाही चहा गेला असावा.

दलालानं शेटजीच्या हातावर उपरणं टाकलं, आत हात घातला, चेहरा अगदी गंभीर. शेटजीनं मान हलवली. मग उपरणं घेऊन दलाल माझ्याकडं वळला आणि हात हवेतच थांबला.

"वहिनी, तुमच्याकडून हात कोन देईल?"

"घर माझं हाय. हात दुसऱ्याचा काहून?" मी पदर सावरून हात पुढं केला. "धरा."

दलाल असा मागं सरला की चहाची बशी कलंडली. शेटजी मोठ्यानं हसला. "धरा ना मामा! बैलावानी लाजता काहून?"

"भावकीतलं कुनी बोलवा, वहिनी."

"भावकी नरसीला हाय. निरोप धाडते, परवापर्यंत येतील."

"मले थांबता येत न्हाई," शेटजी म्हणाला. "चारची मोटार हाय माही. बोलून टाका न आकडा, इथं कोन ऐकून राहिलं?"

दलालानं चारी दिशांना पाहिलं, माझ्याकडं झुकला आणि कुजबुजला, "साडेसोळाशे."

"काय म्हणलात? पलीकडं धुणं चाललंय, काही ऐकू येत न्हाई."

"साडेसोळाशे."

"हाली का कलदार?"

हे विचारणं अगदी रास्त होतं. आमच्याकडं निजामाचा हाली रुपया, शेटजीच्या वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार, आणि दोघांत फरक. पण दलालाच्या धंद्याला कुणी असं भर ओसरीवर उघडं पाडलं नव्हतं. तो भडकला. "हाली! साडेसोळाशे हाली म्हणलं, वहिनी! हां म्हणा का न्हाई म्हणा!"

"हां," मी म्हणाले. "झाला सौदा." शेटजीनं विसाराचे रुपये माझ्यापुढं ठेवले.

पलीकडचं आपटणं थांबलं. मी मधल्या भिंतीतल्या दाराकडं पाहिलं. दार हललं, पण उघडलं नाही. सकाळी मांजर येऊ नये म्हणून मीच आतून कडी घातली होती. चार दिवसांची तालीम, आणि माझी एक कडी! उठून कडी काढायला गेले असते तर दलालाला सगळंच कळलं असतं. मी बसून राहिले. आयुष्यात नुसतं बसणं मला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

मग विहिरीतून आवाज आला.

"मी मागते! घर मी घेते! साडेसोळाशे हाली, आत्ता मागते! साक्षीला दोघं हायेत!"

खालानं झरोक्यातून डोकं घातलं होतं. तिचा आवाज खाली जाऊन दुप्पट होऊन वर येत होता. दलालाचा हात छातीवर गेला. शेटजी तर सतरंजीवरून उठून उभाच राहिला. आता मला कडी काढायला हरकत नव्हती. खाला आत आली, कोपरापर्यंत दोन्ही हात निळे, आणि भावानं शिकवल्याप्रमाणं घराला हात लावायचा म्हणून तिनं चौकटीशेजारच्या भिंतीवर दोन्ही पंजे दाबले. चुन्यावर दहा बोटं उठली.

तिच्या भावानं शांतपणे कायदा सांगितला. शेटजीनं एकदा विहिरीकडं पाहिलं, एकदा खालाच्या हातांकडं, आणि आपला विसार उचलला. "मले भांडनाचं घर नको, बाई. गोदामाले जागा लय हाये."

दलालानं खिशातून माझा कागद काढला. "वहिनी, दुसरं गिऱ्हाईक आणायचं न्हाई असं लिहिलंय. दलाली दुप्पट!"

"मी कुठं आणलं? मी तर इथून उठलेबी न्हाई. सौदा तुमी केला, आकडा तुमी बोललात. लिहिल्याप्रमाणं एक दलाली घ्या, ती मी देते."

त्यानं भांडायला तोंड उघडलं. मग त्याच्या ध्यानात आलं की घर विकलं गेलंय आणि त्याचं काही बुडालेलं नाही, आणि तोंड मिटलं. जाता जाता खालाला म्हणाला, "घेणाऱ्याचीबी दलाली असते."

"उपरणं ठेवून जा," खाला म्हणाली. "फुकट रंगवून देते."

तो उपरणं ठेवून गेला नाही. उंबऱ्यावर मात्र म्हणाला, की कचेरीत विक्रीचा लेख होईपर्यंत सौदा कच्चाच असतो, शनिवारी जास्तीचं गिऱ्हाईक आणतो. हे खरं असेल की नाही, मला माहीत नव्हतं. परवा शुक्रवार, निजामाच्या राज्यात कचेरीची सुट्टी. हाताशी फक्त गुरुवार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालाला तिच्या पाटल्यांसकट बैलगाडीत बसवलं, वाटेत त्या मोडण्यासाठी सोनाराला दुकान उघडायला लावलं, आणि कचेरीचा शिपाई कुलूप काढायला आला तेव्हा आम्ही दोघी पायरीवर बसलेल्या होतो. त्याला आत जायचं होतं म्हणून मी थोडी सरकले.