चिरुटांची ओल

लातूर जिल्हा झाला तेव्हा गंजगोलाईच्या बाजारात पेढे वाटले गेले आणि त्यातला एक गुलाम रसूलच्या तोंडातही पडला. नवी ऑफिसं येणार, नवे साहेब येणार, त्यांच्यात चिरूट ओढणारेही असणारच, असं त्याच्या मनात आलं. तो स्वतः चिरूट वळून विकायचा; त्याचा बाप हैदराबादेत हे काम शिकून आला होता. आंध्रातून येणारी तंबाखूची रुंद पानं निवडायची, पाटावर गुंडाळायची आणि देवदारी पेट्यांत मुरत ठेवायची. गुंडाळणं कुणालाही जमेल, मुरवणं अवघड, असं गुलाम रसूल म्हणे. पेटीत ओल जास्त झाली तर चिरुटावर पांढरी बुरशी धरते. कमी पडली तर पान तडकतं आणि धूर घसा ओरबाडतो. म्हणून पेटीच्या कोपऱ्यात तो मातीचं कोरं, लहानसं बुडकुलं पाणी भरून ठेवायचा. त्यातलं पाणी हळूहळू पाझरे आणि पेटीतली हवा दमट राही. सकाळी एखादा चिरूट कानाशी धरून हलकेच दाबायचा. कुरकुर ऐकू आली की बुडकुलं भरायचं.

जिल्हा आला आणि पाठोपाठ पाऊस रुसला. पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतली विहीर तळाला गेली. टँकर यायचा तो कधी येईल याचा नेम नसे, आणि आला तरी घरटी दोन घागरींवर मिळत नसे. त्याची बायको सुलतानबी तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना वापरी. हवा इतकी कोरडी की सकाळी भरलेलं बुडकुलं दुसऱ्या सकाळी ठणठणीत कोरडं.

अशातच आडत व्यापारी गुरुपादप्पा दुकानात आले. मुलीच्या, शिवगंगाच्या लग्नाला गुलबर्ग्याकडचे व्यापारी येणार होते. "रसूल, पाहुण्यांसमोर तुझेच चिरूट ठेवीन. कोरडा माल देऊ नको बघ."

"जबान दिली, अप्पा," गुलाम रसूल म्हणाला.

त्या दिवसापासून तो बुडकुल्यांसाठी पिण्याच्या रांजणातून तांब्याभर पाणी उचलू लागला. सुलतानबी पाण्याला गेली की उचलायचा. ती आल्यावर रांजणात हात घालून बघायची. एकदा ती म्हणाली, "अजी, तंबाखू पियेगी तो हम क्या पियेंगे?"

"शादी होने दे. फिर नहीं लेता," तो म्हणाला.

समोर नागुबाई राहायची. शेतमजुरी बंद पडल्यावर ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. घरात सासू धुरपताबाई तापानं पडलेली. एका दुपारी नागुबाई दारात आली, हातात रिकामा तांब्या.

"भाबी, जरासं पाणी द्या. सासूचं आंग लई तापलंय. कपाळावर पट्टी ठेवायला बी घरात थेंब न्हाई."

सुलतानबीनं रांजण वाकडा केला. तळातून गढूळ घोटभर निघालं. ती गुलाम रसूलकडे बघू लागली. तो नुकताच पेट्यांतली बुडकुली भरून, हात पुसत आत आला होता.

"मघाशी मीच नेलं," तो हळूच म्हणाला.

नागुबाईनं दुकानात नजर टाकली. उघड्या पेटीतलं बुडकुलं काठोकाठ भरलेलं दिसत होतं. सुलतानबी पुढे झाली, तिनं ते उचलून नाकाशी नेलं आणि परत ठेवलं. दिवसचे दिवस तंबाखूत मुरलेल्या मातीचा उग्र वास लागलेलं ते पाणी आजारी माणसाच्या कपाळावर ठेवायच्या लायकीचं नव्हतं. नागुबाई रिकामा तांब्या घेऊन वळली. तिच्या पाठीकडे बघताना गुलाम रसूलला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

त्यानं घागर उचलली आणि तो उन्हात गुरुपादप्पांच्या वाड्यावर गेला. त्यांच्याकडे बोअर होतं. अप्पांनी घागर भरून दिली आणि विचारलं, "माल ओला हाय न्हवं?"

"हाय," तो म्हणाला. घागर खांद्यावर होती. पाणी चिरुटांसाठीच आहे, असं अप्पांनी धरलं आणि तो ते न खोडता निघाला.

सुलतानबीनं पोचवलेल्या त्या पाण्यात भिजवून नागुबाईनं धुरपताबाईच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पाणी कुणी आणलं ते तिनं विचारलं नाही. म्हातारी त्या तापातून उठली, पण तिचं डोकं ताळ्यावर राहिलं नाही. नातवाला आपल्या नवऱ्याच्या नावानं हाक मारू लागली. तापानं झालं की वयानं, हे कोण सांगणार. गुलाम रसूल दुकानातून तिची हाक ऐके आणि पाटावरचं पान तसंच ठेवून बसे.

त्यानं बुडकुली पुन्हा भरली नाहीत. आठवड्याभरात चिरूट तडकू लागले. ते तसेच टोपलीत घालून त्यानं अप्पांसमोर नेऊन ठेवले.

"जबान मोडली, अप्पा. घरात पाणी न्हवतं."

"मला सांगायचं होतंस. बोअर हाय की माझं."

"आधी सांगायला पायजे होतं," तो म्हणाला, "पण मला चिरूटच दिसत होते."

अप्पांनी मग हैदराबादेहून माल मागवला आणि लग्न पार पडलं. गुलाम रसूलनं नव्या ऑफिसांच्या रस्त्यावर एक टपरी टाकली. कारखान्याच्या पाकिटातल्या सिगारेटी आणि चहा. पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं. आंध्रातला तंबाखूची पानं विकणारा, माल हवा का विचारायला आला तेव्हा सुलतानबीनंच म्हटलं, "लेव ना अब."

त्यानं पानाचा एक गठ्ठा हातात घेतला, उलटापालटा केला आणि परत दिला. नागुबाई सुलतानबीशी पूर्वीसारखं बोलायची. त्याच्याशीही बोलायची, पण कामापुरतं, आणि तेही दुसरीकडे बघत. ते आपल्याच करणीचं आहे हे जाणून त्यानं ते कधी बदलायचा प्रयत्न केला नाही.