खालाचा ठराव

आमच्या गावातली खाला ही मी पाहिलेली पहिली मोठी माणूस, जी लहान मुलांना विचारल्याशिवाय हात लावत नसे. आणि तिचा धंदा काय, तर बांगड्या भरण्याचा! ओसरीवर फडकं अंथरायची, पेटी उघडायची, आणि समोर बसलेल्या चिमुरडीपुढे आपले दोन्ही तळवे पसरून म्हणायची, "हात देतं का, माय?" मग वाट पाहत बसायची. बायकांना निंदणाला जायची घाई असे. त्या करवादायच्या, "अवं खाला, धर ना तिचा हात, काय इचारून राहिली लेकराले!" खाला मान वर न करता म्हणायची, "हात तिचा हाय, बाई. तुहा नाई."

मी पाच वर्षांची असताना तिला सलग तीन दिवस नाही म्हटलं. काही कारण नव्हतं, स्वभावच तसा होता, अजूनही आहे. आई मला दाबून धरायला निघाली, तर खालाने पेटीच बंद केली. चौथ्या दिवशी मी आपण होऊन हात पुढे केला. खालाने माझ्या वाट्याच्या बांगड्या भरल्या आणि वर दोन लाल बांगड्या फुकट दिल्या. "ह्या कायच्या?" असं आईने विचारलं. "नाई म्हनता येते ना तिले, त्याच्या," खाला म्हणाली. त्यानंतर महिनाभर मी अंघोळीपासून दुधापर्यंत सगळ्याला नाही म्हणत होते, आणि आई त्याचं खापर खालावर फोडत होती.

तेल्हाऱ्यापासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. गावात मुसलमानांची घरं थोडी, पण खाला मात्र सगळ्यांची. नवरा लवकर गेला होता. बांगड्यांची पेटी सासूकडून आलेली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण आजूबाजूच्या आठ गावांतलं प्रत्येक मनगट तिला पाठ होतं. हाताकडे नुसतं बघून ती माप सांगायची. आणि मापाबरोबर तिला पुष्कळ काही कळायचं. "तोंडाचं मी ऐकत नाई," ती म्हणायची, "मी मनगटाचं ऐकते." आम्हाला वाटायचं, म्हातारी उगाच भाव खाते.

तिच्या ह्या ऐकण्यामागे एक जुनी जखम होती. ती मला पुष्कळ उशिरा कळली. शेजारच्या गावातल्या बारा वर्षांच्या एका मुलीने बांगड्या भरताना तिला हळूच सांगितलं होतं की घरातला एक नातेवाईक तिला त्रास देतो. खालाने ते तिच्या आईच्या कानावर घातलं. आई पाया पडली, म्हणाली, कोणाला सांगू नका, घराची अब्रू जाईल. खाला गप्प राहिली. दोन महिन्यांत त्या पोरीचं लग्न लावून दिलं गेलं, आणि तो नातेवाईक लग्नात पंगत वाढत होता. "त्याच्या हातची बुंदी माह्या पत्रावळीवर पडली," खाला म्हणाली. "मी उठून आली. पन उठाची येळ तं पयलेच निंगून गेली होती." तेव्हापासून ती बांगडी भरता भरता प्रत्येक लेकराला एक वाक्य सांगू लागली. पोरगी असो की आईच्या मांडीवर येऊन बसलेला पोरगा असो. "कोनी म्हनलं ना का हे आपल्या दोघातच ठेव, तं थे पयले मले येऊन सांग." आम्ही ते वाक्य खेळातसुद्धा म्हणायचो, तिचा आवाज काढून.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. कपाशीची बोंडं वरून हिरवी आणि आतून किडलेली निघाली. घरोघरच्या आया सकाळीच डबा बांधून दूरच्या गावी मजुरीला जाऊ लागल्या. दिवसभर मुलांची खबर मिळावी म्हणून एकेक स्वस्तातला फोन घरात आला, आणि तो मुलांच्याच हातात राहिला. काचेच्या बांगड्यांचा खप कमी झाला, तरी खाला फिरतच होती. फोन पाहून ती म्हणाली, "पयले परका मानूस दारातून येत होता, तं कुत्रं तरी भुंकत होतं. आता थो फोनातून येते. भुंकाले कोनी नाई."

तसा परका माणूस माझ्याकडे आला तेव्हा मी नववीत होते. आला म्हणजे 'आली'. अमरावतीच्या कॉलेजातली ताई म्हणून. माझ्या चित्रांचं कौतुक करायची, अभ्यासाचं विचारायची. घरात दिवसभर कोणी नाही, आणि कोणीतरी माझ्याशी इतकं गोड बोलतंय, मी विरघळलेच. गॅदरिंगमधला माझा एक साधा फोटो मी तिला पाठवला. आठवड्याने तो फोटो परत आला, तेव्हा चेहरा माझा होता आणि बाकीचं माझं नव्हतं. खाली लिहिलं होतं, सांगतो तसे फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या गावातल्या सगळ्यांना पाठवतो. ती ताई नव्हतीच. मी फोटो पाठवले नाहीत, पण कोणाला सांगितलंही नाही. जेवण तुटलं. फोन थरथरला की मी तो कोनाड्यात सरकवायचे.

संक्रांतीच्या आधी खाला बांगड्या घेऊन आली. तिने विचारलं, मी हात दिला. आई चुलीपाशी होती. दोन बांगड्या चढल्या आणि कोनाड्यातला फोन वाजला. खालाचा हात थांबला. तिसरी बांगडी चढवताना पुन्हा वाजला. तेव्हा ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "थो वाजला का तुहं मनगट थंडं पडते, प्रणाली." तिने खोदून विचारलं नाही. पेटी आवरली आणि म्हणाली, "मी घरीच हावो. सांगाचं अशीन तं ये. नाई सांगाचं, तरी ये."

मी गेले. अर्धा तास नुसती रडले, मग सगळं सांगितलं. ती पहिल्यांदा म्हणाली, "तुही गल्ती नाई." एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी मी दोन महिने तडफडत होते, हे मला ते ऐकल्यावर कळलं. मी फोन काढून सगळे मेसेज पुसायला लागले, तर तिने तळवा आडवा धरला. "काईच पुसू नको. त्यानं सोताच्या हातानं लिवून ठेवलं, आपन काहून पुसाचं?"

मग ती माझ्याबरोबर घरी आली आणि आईबाबांना सांगताना माझ्या शेजारी बसली. बाबा माझ्यावर ओरडले नाहीत. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "उद्यापासून शाळा बंद." माझी आत्या धामणगाव रेल्वे या गावी असते. तिने एक स्थळ सुचवून ठेवलं होतं. त्याला होकार कळवायचं ठरलं. मी चौदा वर्षांची होते. मला चित्रकला शिकायची होती, विज्ञान आवडत होतं, आणि एका संध्याकाळीत माझं सगळं आटोपलं होतं. खालाने बाबांना शेजारच्या गावातल्या त्या मुलीची गोष्ट सांगितली, ती मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. "गजाननभाऊ, एकडाव मी खामोश राहिली," ती म्हणाली. "आता नाई राहात." बाबा उठून बाहेर गेले.

गावात गोष्ट लपते कुठली! आठ दिवसांत ती आमच्या आळीतून पार शेवटच्या घरापर्यंत गेली, आणि सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय निघाला. सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. झेंड्याला आलेली मुलं तिथेच रेंगाळत होती. सरपंच वयस्क, सरळ माणूस. त्यांना खरोखर वाटत होतं की ते गावाचं भलं करताहेत. ठराव असा की गावातल्या मुलींनी फोन वापरायचा नाही, आणि सातवीनंतर बसने तेल्हाऱ्याच्या शाळेत कोणी मुलीला पाठवायचं नाही. माना हलल्या. बाबांचीही हलली. अख्ख्या गावाने मिळून तोड काढली होती, आणि त्या तोडीत त्या माणसाचं नावसुद्धा नव्हतं.

खाला बायकांच्या रांगेतून उठली. "सरपंचभाऊ, मले एक सांगा. ज्यानं धमकी देल्ली, थो बसनं शाळेत जाते का?" कोणीतरी हसलं. ती हसली नाही. "मंग बस काहून बंद?" सरपंच समजुतीने म्हणाले, "खाला, हे पोरींच्या इज्जतीचं काम हाय. पोरी भोळ्या अस्तेत." खाला म्हणाली, "पोरीच का?" आणि मुलांकडे वळून बोलली, "लेकरांनो, कोनावर जबरदस्ती नाई. नाव नका सांगू, काय झालं थे नका सांगू. पन ज्याले ज्याले असा मेसेज आला, त्याले वाटलं तं उभं राहा. मी हावो अथी."

मी उभी राहिले. माझं तर गावाला माहीतच होतं, गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग माझ्या मागून आठवीतली एक मुलगी उठली. मग आणखी एक उठली. मग बराच वेळ कोणी नाही. आणि मग खांबापाशी, दहावीतला, कबड्डीत सगळ्यांना लोळवणारा, उंचापुरा एक मुलगा मान खाली घालून सरळ उभा राहिला. तो सरपंचांचा नातू होता.

सरपंचांनी हातातला कागद खाली ठेवला. खालाने आवाज चढवला नाही. तिने फक्त विचारलं, "आता याचीबी शाळा बंद करता का, भाऊ?"

सरपंच खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आता नातवाच्या कानाखाली बसते. त्यांनी त्याला जवळ घेतलं, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "खाला, तुमीच सांगा. काय लिवाचं?"

खालाने सांगितलं. ग्रामसेवकाने ते 'सदर बाबतीत पीडित बालकाच्या शैक्षणिक हितास बाधा' अशा थाटात लिहून वाचून दाखवलं. खाला म्हणाली, "हे मले समजलं नाई. मले समजीन असं लिवा." त्याने खोडलं, पुन्हा लिहिलं. तीन वेळा खोडलं. शेवटी वहीत उतरलं ते असं: जे मूल सांगेल त्याची शाळा बंद होणार नाही, त्याचं लग्न लावलं जाणार नाही, त्याला कोणी दोष देणार नाही, आणि गाव त्याच्यासोबत पोलिसांत जाईल. सूचक म्हणून खालाचा अंगठा. त्या अंगठ्यापुढे ग्रामसेवकाने नाव लिहिलं, हमीदाबी. तिला नाव आहे हे गावाला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मोटरसायकल काढली. मला वाटलं धामणगावला निघाले. त्यांनी माझं दप्तर टाकीवर ठेवलं आणि म्हणाले, "बस. शाळेले उशीर होते." तेल्हाऱ्याला शाळेच्या फाटकाशी मला उतरवून दिलं आणि रुमालाने बराच वेळ गाडीचा आरसा पुसत राहिले. आरसा स्वच्छच होता. मी तेव्हा त्यांना माफ केलं.

दुपारी चार घरांचे बाप, सरपंच आणि खाला तेल्हाऱ्याच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथून प्रकरण अकोल्याला गेलं. चारही फोनांत सगळं जसंच्या तसं होतं, एक अक्षर पुसलेलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्या लागायच्या आत तो सापडला. दुसऱ्या जिल्ह्यातला, चाळिशीचा, चांगला नोकरदार माणूस. ज्या दिवशी त्याला पकडल्याचा फोन आला त्या दिवशी गावात चक्क पेढे वाटले गेले. आणि आठ दिवसांत गावातला प्रत्येक जण सांगू लागला की आपण पहिल्यापासून खालाच्याच बाजूने होतो.

'पयले मले येऊन सांग' हे वाक्य घेऊन खालाची पेटी मग शाळाशाळांतून फिरली. अमरावतीच्या एका प्रशिक्षणात तिला पाच मिनिटं बोलायला बोलावलं होतं. मी सोबत होते. एका साहेबांचं भाषण चाललं होतं, 'मुलांच्या संमतीचा आदर'. बोलता बोलता त्यांनी पुढे बसलेल्या एका लहान मुलीला दंडाला धरून व्यासपीठावर ओढलं. शेवटच्या रांगेतून खालाचा आवाज आला, "साहेब, इचारलं का तिले?" सभागृह हसत सुटलं. साहेब मात्र चांगले निघाले. त्यांनी दंड सोडला, मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, "नाही यायचं." खालाने जागेवरूनच टाळ्या वाजवल्या. तिची पाच मिनिटं तिथेच संपली, असं तिचं म्हणणं.

मी समाजकार्य शिकले, आता अकोल्यात मुलांसाठी काम करते. खाला मागच्या वर्षी गेली. तिला पोचवायला आठ गावांतल्या बायका आल्या होत्या. कब्रस्तानात जाता येत नाही म्हणून बाहेर रस्त्यावर उभ्या राहिल्या, आणि मी त्यांच्यात ओक्साबोक्शी रडले.

तो ठराव दर सव्वीस जानेवारीला गावात मोठ्याने वाचायचा, असा नियम झाला आहे. या वर्षी मी गेले होते. चौथीतल्या मुलाने अडखळत वाचला. टाळ्या झाल्या, लोक चहाकडे वळले. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी माझ्यापाशी आली. मी तिला ओळखत नव्हते. माझी ओढणी चिमटीत धरून हळूच म्हणाली, "ताई, मले सांगाचं हाय." आम्ही दोघी शाळेच्या मागच्या पायरीवर जाऊन बसलो. ती बोलली, मी सगळं ऐकून घेतलं. आम्हाला तिकडे जाताना पाहिलेले तिचे वडील, आताचे सरपंच आणि माझे बाबा चहा तसाच टाकून व्हरांड्यात आमची वाट पाहत उभे होते. त्याच दुपारी आम्ही सगळे तिच्यासोबत ठाण्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत होती.