चिलटं आणि गाठ

माझी नात मुंबईत चिलटं पाळते. पिकल्या केळ्यावर, फणसाच्या गऱ्यांवर बसतात तीच. गावात कोणी विचारलं तर मी तसंच सांगते. बाया तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत.

ही माझ्या लेकीची लेक. लेक मी तुडीलला दिली होती. छातीत गाठ होऊन ती गेली.

गाठ तिनं पहिल्यांदा मलाच दाखवली. माघात माहेरी आली होती. चुलीपुढं बसून म्हणाली, "आये, हितं काहीतरी लागतंय." मी हात लावून बघितलं. हरभऱ्याएवढी होती. म्हटलं, दुखतंय का? नाय म्हणाली. मग मी म्हटलं, "शिमगा तोंडावर हाय. पालखी घरी येऊन जाऊ दे, मग बघू."

आमच्याकडं शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते. ती येईपर्यंत कोणी दाराला कुलूप लावत नाही, दवाखान्याचं काम काढत नाही. पालखी आली. लेकीनं माझ्या शेजारी उभं राहून देवीची ओटी भरली. मग भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे आले. मग लावणी. गौरी झाल्यावर ती डॉक्टरकडं गेली, तोवर काखेतही गाठी आल्या होत्या. पुढच्या शिमग्याला ती नव्हती.

नात तेव्हा कॉलेजात होती. आता ती प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांत चिलटं ठेवते. त्यांना मक्याचं पीठ आणि साखर शिजवून घालते. दोन वर्षांमागं शिमग्याला आली, तेव्हा मी विचारलं, नक्की करतेस काय? शेंगा सोलत बसलो होतो. माझी जाऊ पण होती.

नात म्हणाली, "आजी, प्रत्येक जिवाच्या अंगात बारीक बारीक पेशी असतात. त्यांत धागे असतात. माळेत मणी ओवावेत तसा त्यांवर अंग कसं घडायचं, कसं चालायचं तो सगळा मजकूर ओवलेला असतो. ते धागे रोज कुठं ना कुठं तुटतात. मी चिलटांवर एक्स-रे सोडून मुद्दाम तोडते आणि परत कसे सांधले जातात ते बघते."

"मुद्दाम तोडतेस? बरी गो तुझी नोकरी," जाऊ म्हणाली.

"कोण सांधतं?" मी विचारलं.

"पेशीतच कारागीर असतात. चांगला कारागीर शेजारची तशीच अख्खी माळ बघून मण्याला मणी लावतो. तो नसला तर दुसरा येतो. तो तुटलेली दोन टोकं धरून गाठ मारतो. मधले मणी सांडले तर सांडले."

"म्हणजे उरकाउरकी."

"हो. आणि चांगला कारागीर जन्मापासूनच नाही अशी चिलटं आमच्याकडं आहेत. दिसायला धड. उडतात, खातात. पण एक्स-रे दिला की त्यांच्या अळ्या मरतात. जी नीट आहेत ती निभावतात."

मी हातातली शेंग खाली ठेवली. मी म्हटलं, "माणसातपण असं असतं?"

ती खाली बघून म्हणाली, "असतं. माणसाला आई आणि बाप दोघांकडून त्या कारागिराची एकेक प्रत मिळते. एक बिघडलेली आली, तर गाठीचा धोका वाढतो. आईचं तसंच असावं."

"मग तुझं?"

"बघितलं नाही. रक्त तपासावं लागतं."

"चिलटांचं सगळं बघतेस, स्वतःचं नाय?"

तिनं टरफलं सुपात ओढली. जाऊ उठून आत गेली. नात म्हणाली, "पालखी होऊन जाऊ दे आजी. मग बघते."

माझंच बोलणं होतं ते. तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आईनं तिला सांगितलं नव्हतं आणि मीही नाही. त्या दिवशी सांगितलं. ती रडली. मी रडले नाही. रडून झाल्यावर म्हणाली, मुंबईला जाऊन करते. मी म्हटलं, "इतकी वर्षं मुंबईतच होतीस ना?"

दुसऱ्या दिवशी पालखी आमच्या आळीत येणार होती. सकाळीच मी ओटीचं ताट जावेच्या हातात दिलं आणि दाराला कुलूप लावलं.

"देवी दारात येणार आन् तू कुलूप घालतेस?" जाऊ म्हणाली. "लोकं काय बोलतील?"

"काय बोलतील ते मला येऊन सांग."

मी आणि नात एसटीनं महाडला गेलो. रक्त तिथं घेतलं आणि मुंबईला पाठवलं. मी माझंही दिलं. बिघाड कुठून आला ते कळावं म्हणून. वाटेत ढोल ऐकू येत होते.

काही आठवड्यांनी कागद आले. दोघींच्या रक्तात तेच निघालं. माझ्याकडून लेकीला गेलं, लेकीकडून हिला. मी विचारलं, मग मला का नाही झाली गाठ? नात म्हणाली, सगळ्यांना होतेच असं नाही. म्हणजे मी राहिले आणि लेक गेली, याला काही कारण नाही. रक्तातलं माझ्या हातात नव्हतं. माघ ते गौरी मात्र मी घालवले.

नात आता दर सहा महिन्यांनी छाती तपासून घेते. तारीख माझ्या कॅलेंडरवर आहे. आदल्या दिवशी मी फोन करते, उद्या जायचंय ना? दुसऱ्या दिवशी परत करते, गेलीस का? तिनं चिलटांचं काही सांगितलं तर ऐकते. नाही सांगितलं तर फोन ठेवते.