समोरच्या दाराची वाटी

बिबवेवाडीतल्या त्या इमारतीवरून गेलो की अजूनही मान आपोआप दुसऱ्या मजल्याकडे वळते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे विसरलो. हे प्रकरण त्यांच्या मानाने लहान होते, शेवटी तर तो गुन्हाच निघाला नाही. तरीही ते मनातून जात नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याचा सराव झाला तो पंचनाम्यांवर. त्यामुळे सांगणे कुठे कोरडे वाटले तर समजून घ्यावे. नावे कोणाचीच देत नाही. ती माणसे अजून तिथे आसपास राहतात.

दुपार कलताना कंट्रोल रूमचा निरोप आला. एक आजोबा घरात खुर्चीत मृत आढळले होते. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला, दिवसभर घरात आजोबा एकटेच. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही नाजूक. डॉक्टरांनी मीठ बंद केलेले, गोडही बंद.

अंगावर जखम नव्हती, घरात झटापटीची खूण नव्हती. मी अकस्मात मृत्यूची नोंद करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात मुलाने ओट्याकडे बोट दाखवले. तिथे एक स्टीलची वाटी धुऊन पालथी ठेवली होती.

"साहेब, ही वाटी आमची नाही."

मी रुमालाने उचलून पाहिली. काठाखाली मशीनने ठिपक्याठिपक्यांत नाव घातलेले होते, लग्नकार्यातल्या भांड्यांवर असते तसे. नाव समोरच्या दारावरच्या पाटीवर होते तेच.

"त्यांचं आमचं बोलणं नाही," मुलगा म्हणाला. "पॅसेजमधल्या चपलांच्या स्टँडवरून भांडण झालं होतं. तुमच्याच ठाण्यात तक्रार आहे बघा, एनसी म्हणून नोंदवलेली. मग त्यांची वाटी आमच्या घरात कशी? आणि ती धुतली कोणी? बाबांना विष घातलंय साहेब, आणि वर भांडं विसळून ठेवलंय."

शंका अगदीच टाकून देण्यासारखी नव्हती. मी वाटी मुद्देमाल म्हणून जप्त केली आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवला. डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचे मत राखून ठेवले आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, रासायनिक तपासणीला पाठवला. तो अहवाल कधी येईल हे कोणीच सांगू शकत नव्हते.

जिना उतरताना खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार किलकिले केले. "माझं नाव कुठं घेऊ नका हं. पण भर दुपारी वर कडी वाजायची. रोज. म्हातारे समोरच्या काकूंच्या दारात उभे असायचे. आता का, ते तुम्ही शोधा. आम्ही आपलं आमच्यापुरतं बघतो." त्यांना किती दिसत होते याचे मला नवल वाटले.

कायद्याने बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी महिला हवालदारांना घेऊन मी काकूंच्या घरी गेलो. आमचे बूट दाराबाहेर होते, आणि जिन्यातून जाणारा प्रत्येक जण ते बघत होता.

काकू साठीच्या, अंगाने बारीक. यजमान त्यांच्या शेजारीच बसले.

"आजोबांना तुम्ही काही खायला दिलं होतं?"

"नाही."

"मग वाटी?"

"मला नाही माहीत."

"अहो, आमचा त्यांच्याशी संबंधच नाही," यजमान मध्येच म्हणाले. "मी घरात सांगून ठेवलंय, त्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. आणि माझ्या घरात माझा शब्द चालतो, साहेब."

काकू पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. एवढ्या वर्षांत मी एक पाहिले आहे. नवरा शेजारी बसला की बाई पोलिसांना उत्तर देत नाही, ती नवऱ्याला उत्तर देते. मी यजमानांना म्हणालो, "चला, तो चपलांचा स्टँड नेमका कुठे होता ते मला दाखवा." आम्ही बाहेर गेलो. स्टँडवरून ते बराच वेळ बोलले. मी मोजमापेही घेतली.

आत आलो तेव्हा काकू रडत होत्या आणि हवालदारबाई त्यांना पाणी देत होत्या. यजमान थबकले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बोलल्या.

"द्यायचे मी. रोज वाटीभर आमटी. एकदा दारात येऊन म्हणाले, वहिनी, फोडणीचा वास येतो हो, जीव राहत नाही. घरात सगळं अळणी. सुनेला कळू देऊ नका, ती माझ्या काळजीनंच करते. काय करणार होते मी? तुमच्या भांडणात त्यांचा काय दोष?"

"मग काल वाटी परत का आली नाही?" मी विचारले.

"तेच कळत नाही. अर्ध्या तासात यायची. स्वतः धुऊन आणायचे, आणि कधी रिकामी आणली नाही. शेजारची वाटी रिकामी द्यायची नाही, म्हणायचे. गुळाचा खडा असायचा त्यात. रोज."

मी समोरच्या घरी गेलो. सुनेला एवढेच विचारले, "तुमच्याकडे गूळ कुठे ठेवता?"

ती गोंधळली. "आधी ओट्यावर असायचा. पण हल्ली फार लवकर संपत होता. आम्हाला वाटलं, बाबा चोरून खातात. म्हणून परवा रात्री मी डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. साखरेचाही. का हो?"

मी काकूंनी सांगितलेले तिला सांगितले. ती जमिनीवरच बसली. मुलगा खिडकीपाशी पाठ करून उभा राहिला. आजोबांनी त्या दिवशी जेवून वाटी धुतली असणार. मग तिच्यात घालायला काही सापडले नाही, म्हणून पालथी ठेवली असणार. हा माझा तर्क आहे. साक्षीदार कोणी नाही.

अहवाल यायला कित्येक महिने लागले. विष नव्हते. मृत्यू हृदयविकाराने. कागद बंद झाला. पण त्या मधल्या महिन्यांत काकूंना इमारतीत कोणी हळदीकुंकवाला बोलावले नव्हते. कामवाली सोडून गेली होती. गणपतीचा प्रसाद वाटणारी मुले त्यांच्या मजल्यावरून थेट वर जात होती.

मी सोसायटीच्या अध्यक्षांना भेटलो. म्हटले, सभासदांना सांगा, बाई निर्दोष आहेत.

"साहेब, आमच्या बोर्डावर पाण्याच्या वेळा लावतो आम्ही," ते म्हणाले. "चारित्र्याचे दाखले नाही."

शेवटी मीच गणवेशात एकेक बेल वाजवत वरपासून खालपर्यंत गेलो. सगळ्या दारांत एकच उत्तर मिळाले, "अहो, आम्ही कुठं काही म्हणत होतो?" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी चहाही विचारला. मुलाला मी म्हणालो, समोर जाऊन तोंडाने एकदा बोला. तो म्हणाला, "कागदावर आलंय ना साहेब. झालं की मग." सून मात्र माझ्याबरोबर समोरच्या दारापर्यंत आली. तिथे ती उंबऱ्याबाहेरच थांबली. काकूंनीच तिच्या हाताला धरून तिला आत बसवले.

मी काकूंना अहवाल वाचून दाखवला. विष आढळून आले नाही, हे वाक्य दोनदा वाचले. मला वाटले होते, त्यांना हायसे वाटेल.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "विष नव्हतं हे मला माहीतच होतं. पण आमटीत मीठ होतं ना, साहेब. रोज होतं. ते लिहिलंय का त्यात?"

सून काकूंच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. यजमान आतल्या खोलीच्या दारात उभे होते. मी घाईने म्हणालो, डॉक्टरांना विचारून सांगतो. आणि खरोखर विचारले. डॉक्टर म्हणाले, वाटीभर आमटीने असे काही होत नाही. मग म्हणाले, रोज असेल तर मात्र काही सांगता येत नाही.

मी परत जाऊन काकूंना फक्त पहिले वाक्य सांगितले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. माझा विश्वास आहे की दुसरेही त्यांना कळले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी अडखळतो. गुन्हा कोणी केला हे शोधण्याचे शिक्षण आम्हाला मिळते. जिथे गुन्हाच नाही, पण एका माणसाच्या मायेने दुसऱ्याला अपाय झाला असेल किंवा नसेलही, तिथे आमच्याकडे कुठलेच कलम नाही. त्या बाईंना शिक्षा झाली नाही आणि सुटकाही मिळाली नाही. अजून त्या तिथेच राहतात. हल्ली काकूंच्या घरात सगळ्यांसाठीच अळणी स्वयंपाक होतो, असे मी ऐकले.