प्लग काढू नका

"चार्जिंग कसं करता?" मी विचारलं.

येरवड्याच्या सायराबींच्या इलेक्ट्रिक टेम्पोची बॅटरी मी टेबलावर उघडली होती. आतले सेल उशीसारखे फुगलेले. त्या टेम्पोतून सायराबी दुकानांना पाव-खारी पोचवायच्या. आता तो अर्ध्या फेरीतच बंद पडत होता.

"तुम्ही सांगितलं तसंच. घरी आल्या आल्या लावते, ते थेट सकाळी काढते. एक दिवस चुकले नाही."

तसं मीच सांगितलं होतं, आणि ते चूक होतं. माझी निम्मी नोकरी लेड-ॲसिडमध्ये गेली. शिशाच्या प्लेटा आणि ॲसिडवाली जुनी बॅटरी. ती रिकामी राहिली की प्लेटांवर थर धरतो आणि ती मरते. म्हणून कायम भरलेली ठेवायची. या टेम्पोतल्या लिथियम बॅटरीचं उलट. फुल झाल्यावरही पत्र्याखालच्या उकाड्यात चार्जरला तशीच ठेवली, की आतून खराब होते. मॅन्युअलमध्ये हे होतं. मी ते नुसतं चाळलं होतं. बॅटरीतलं मला कोण शिकवणार? डिलिव्हरी देताना तोंडातून जुनंच निघायचं: प्लग काढू नका.

आमचे सर्व्हिस हेड देवधर सर आले. गैरवापर ठरला तर वॉरंटी नाही, आणि नवी बॅटरी विकत घ्यायची तर सायराबींना टेम्पोच विकावा लागणार.

"बाई, बॅटरी म्हणजे लोणचं नव्हे, भरून मुरत ठेवायला. कोणी सांगितलं हे?"

सायराबींनी माझ्याकडे पाहिलं. "कोणी नाही साहेब. माझंच डोकं."

"मिसयूज लिहा," सर मला म्हणाले आणि वळले. ते दारापर्यंत गेले, तेव्हा मी हाक मारली.

"सर, मी सांगितलं होतं."

"वा. म्हणजे गिऱ्हाईक आज्ञाधारक, गैरवापर आपला."

बॅटरी बदलून मिळाली. गिऱ्हाइकांना माहिती देण्याचं काम माझ्याकडून गेलं. रास्तच होतं.

जाताना सायराबींना विचारलं, "खोटं का बोललात?"

"तुमचं पण घर आहे ना."

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. पण त्याआधी फुगून आलेल्या दोन बॅटऱ्या मीच 'मिसयूज' म्हणून परत पाठवल्या होत्या. सरांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. पुढे त्यातल्या एका बॅटरीच्या कात्रजच्या मालकाला फोन केला.

"टेम्पो विकला की," तो म्हणाला. "चूक माझीच हाय साहेब. तुम्ही सांगून पण मी कधीमधी प्लग काढायचो."

त्यालाही मी खरं सांगितलं नाही. इथे सांगतो. फुल झाली की प्लग काढत जा.